तंबोरा कुठं गेला? : ५५४ चाचण्यांचा एक पेपर आणि त्यावरून मी केलेली चूक

मागच्या आठवड्यात एका ज्युनियरनं तिच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला दिला. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: 'ध्वनिमुद्रणाच्या दर्जाचा संगीताच्या आस्वादावर परिणाम होत नाही, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.' पुढे कंसात दोन आडनावं आणि साल. मेयर आणि मोरन, २००७.

मी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि बराच वेळ पुढचं पान उलटलंच नाही. कारण हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, चार वर्षांपूर्वी माझ्याही डोक्यात होतं. आणि त्याच्या भरवशावर मी असं काही करून बसले की आता ते परत फिरवता येत नाही. ते पुढे येईलच. आधी पेपर बघू. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेट किंवा नेटच्या तयारीत असाल आणि लिटरेचर रिव्ह्यू नावाचं प्रकरण पुढे वाट बघत असेल. एखादा पेपर खूप ठिकाणी उद्धृत होतो म्हणजे तो तेवढ्यांनी वाचलेला असतो असं नाही, हे या पेपरकडे बघून चांगलं कळतं.

पेपर आहे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमधला. त्या काळात सीडीच्या पुढचे दोन फॉरमॅट बाजारात आले होते, एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ. सीडीमध्ये आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिलं जातं. नव्या फॉरमॅटवाल्यांचं म्हणणं होतं की हे अपुरं आहे, आमच्याकडे जास्त तपशील आहे आणि तो कानाला कळतो. मेयर आणि मोरन यांनी यावर एकदम साधी युक्ती काढली. नव्या फॉरमॅटची तबकडी वाजवायची आणि आवाज दोन वाटांनी स्पीकरपर्यंत न्यायचा. एक वाट सरळ. दुसऱ्या वाटेत मध्येच तो आवाज सीडीच्या मापात उतरवायचा आणि लगेच परत ॲनालॉग करायचा. नव्या फॉरमॅटमध्ये जे काही 'जास्तीचं' असेल ते या दुसऱ्या वाटेत गळून पडणार. आता ऐकणाऱ्यानं सांगायचं: ही 'ए' वाट, ही 'बी' वाट, आणि हा 'एक्स' या दोन्हींपैकी कोणता? याला एबीएक्स चाचणी म्हणतात. दोन्ही वाटांचा आवाज अगदी सारख्या पातळीवर आणलेला होता. हे फार महत्त्वाचं. एक वाट डेसिबलच्या काही दशांशानं जरी मोठी असली तरी आपण तिला 'मोठी' म्हणत नाही, 'जास्त छान' म्हणतो. हेडफोनच्या दुकानात आपली फसगत होते ती बहुधा इथंच.

ऐकणाऱ्यांमध्ये व्यावसायिक रेकॉर्डिंग इंजिनिअर होते, त्या विषयाचे विद्यार्थी होते, हौशी दर्दी होते. एकूण चाचण्या ५५४. बरोबर उत्तरं २७६. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी एवढीच बरोबर आली असती.

मला हा प्रयोग मनापासून आवडतो. महागड्या दाव्याला स्वस्तात कोंडीत पकडणारा प्रयोग नेहमीच आवडावा. पण याचा अर्थ नेमका काय?

आता एक गणित करू. कागदावर करा, नाहीतर पायथनच्या चार ओळी लिहा. लोक निव्वळ अंदाजानं उत्तरं देत असतील तर ५५४ पैकी सरासरी २७७ बरोबर येतील, आणि प्रमाण विचलन साधारण ११.८ येईल. ५ टक्क्यांची रेषा धरली तर २९७ च्या आसपास बरोबर उत्तरं आली तरच आपण म्हणू की 'फरक कळतोय'. २७६ त्याच्या खूपच खाली आहे. इथवर ठीक. पण प्रश्न उलटा विचारून बघा. समजा फरक खरंच कळतो, पण अगदी पुसट, म्हणजे ५० ऐवजी ५२.३ टक्के वेळा. तर हा प्रयोग तो पकडू शकला असता का? अपेक्षित बरोबर उत्तरं २९०. रेषा २९७ ला. म्हणजे असा प्रयोग शंभरदा केला तर जेमतेम २८ वेळा फरक 'सापडेल', आणि उरलेल्या ७२ वेळा आपण 'फरक नाही' असं लिहून मोकळे होऊ. यालाच स्टॅटिस्टिकल पॉवर म्हणतात. पाठ्यपुस्तकात तो एका परिच्छेदात उरकतात आणि व्हायवाला मात्र हमखास विचारतात.

५२.३ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. २०१६ साली त्याच जर्नलमध्ये जोशुआ रिस यांनी अशा १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून मेटा-ॲनालिसिस केलं. ४०० हून जास्त लोक, १२,५०० हून जास्त चाचण्या. एकूण बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. छोटं, पण इतक्या मोठ्या संख्येत योगायोग म्हणून सोडून देण्यासारखं नाही. मग रिस यांनी मेयर-मोरनना खोटं पाडलं का? अजिबात नाही. मेयर-मोरन यांच्या आकड्याभोवती ९५ टक्क्यांचा विश्वासांतराल काढलात तर तो साधारण ४५.७ ते ५४ असा येतो. ५२.३ आरामात त्यात बसतो. एकाच वस्तूकडे एकानं साध्या डोळ्यानं पाहिलं, दुसऱ्यानं भिंगातून.

(नंतर अशीही टीका झाली की मेयर-मोरन यांनी वापरलेल्या काही तबकड्यांचं मूळ ध्वनिमुद्रणच जुन्या मापाचं होतं, म्हणजे गळून पडण्यासारखं जास्तीचं तिथं नव्हतंच. मुद्दा रास्त आहे, पण माझ्या दृष्टीनं दुय्यम.)

रिस यांच्या पेपरमधली जी गोष्ट लोक सांगत नाहीत ती ही, की ज्यांना चाचणीआधी 'काय ऐकायचं' याचा सराव दिला होता, त्यांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेलं. आता ६० टक्के बरोबर ओळखणारा माणूस १० पैकी ९ गुण मिळवेल का? करा हिशोब. शंभरात ५ वेळाही नाही. म्हणजे एकेका माणसाला दहा-दहा प्रश्न देऊन 'कुणीच पास झालं नाही' म्हणण्यात फारसा दम नाही. कान तयार करावा लागतो, आणि तयार कानाचीही परीक्षा लांबलचक घ्यावी लागते.

तर आकड्यांची बाजू ही. पण इथं थांबलात तर तुम्ही अजून चुकीच्याच प्रश्नावर भांडताय. मी पण बरेच दिवस तेच करत होते.

माझ्या ज्युनियरचं वाक्य परत वाचा. त्यात 'दर्जा' आहे आणि 'आस्वाद' आहे. मेयर-मोरन यांनी दोन्ही मोजलेले नाहीत. त्यांनी एका विशिष्ट जास्तीच्या तपशिलाची वजाबाकी कळते का, एवढंच मोजलं. आवडतं का, परत ऐकावंसं वाटतं का, तासभर ऐकून कान शिणतात का, यातलं काहीही विचारलेलं नाही. विचारायचा त्यांचा हेतूही नव्हता, त्यामुळे तो त्यांचा दोष नाही. फरक ओळखणं हे एक काम आहे. त्यासाठी तुम्ही एकाच आलापाचे पाच सेकंद पुन्हा पुन्हा ऐकता, कपाळाला आठ्या घालून. गाणं असं कुणी ऐकतं का?

आणि गंमत म्हणजे पेपरच्या शेवटाकडे एक टीप आहे. लेखक म्हणतात, फॉरमॅटचा फरक आम्हाला सापडला नाही, पण एक गोष्ट लगेच जाणवली आणि शेवटपर्यंत टिकली: यातल्या जवळपास सगळ्या एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ तबकड्या बहुतेक सीडींपेक्षा चांगल्या वाजत होत्या, काही तर खूपच चांगल्या. त्यांचा तर्क असा की ही ध्वनिमुद्रणं मोजक्या दर्दी गिऱ्हाइकांसाठी होती, त्यामुळे इंजिनिअरना निगुतीनं काम करायची मोकळीक मिळाली. गाडीत किंवा गोंगाटात ऐकू जावं म्हणून आवाज दाबून सपाट करायची सक्ती त्यांच्यावर नव्हती.

हे नीट लक्षात घ्या. 'दर्जाला महत्त्व नाही' यासाठी जो पेपर उद्धृत होतो, तोच म्हणतोय की दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आहे, फक्त तो वेष्टनावर लिहिलेल्या आकड्यात नाही. तो मास्टरिंगमध्ये आहे, म्हणजे वितरणाला जाण्यापूर्वी कुणीतरी बसून जो शेवटचा हात फिरवतो, त्यात. २००८ साली मेटॅलिका या बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा याचा जाहीर तमाशाच झाला. सीडीवरचा आवाज इतका ताणून मोठा केलेला होता की तो फाटत होता. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात होती, आणि चाहत्यांनी गेममधलीच जास्त चांगली म्हणून हजारोंच्या सह्यांचं निवेदन काढलं. त्या सीडीचं मापही तेच, १६ बिट आणि ४४,१००. माप काही वाईट नव्हतं. त्यात भरलेला माल वाईट होता.

आता माझी गोष्ट.

माझे आजोबा मिरजेचे. गाणारे नव्हते, ऐकणारे होते. १९८० च्या दशकात घरगुती बैठका आणि दर्ग्याच्या उरसातलं गाणं त्यांनी एका साध्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलेलं होतं. एकूण २७ कॅसेटी. अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे मिरजेच्या त्या उरसात गायला मोठमोठे कलावंत येत आले आहेत. पण आजोबांच्या कॅसेटींमध्ये नावाजलेल्यांपेक्षा त्यांच्या आधी दुपारी गाऊन जाणारे, पुढे कुठेही ज्यांचं नाव छापून आलं नाही असे लोक जास्त होते. आजोबा गेले, घर रिकामं करायचं ठरलं, आणि 'तुला यातलं कळतं' म्हणून कॅसेटींचं काम माझ्याकडे आलं. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करून पीएचडीला नुकतीच लागले होते. कळतं असं मलाही वाटत होतं.

मी टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपला जोडली आणि महिनाभर बसून सगळं उतरवून घेतलं. मग दोन गोष्टी केल्या. एक, खरखर काढली. खरखर काढणारं सॉफ्टवेअर आधी एक नमुना मागतं: जिथं फक्त नॉइज आहे असा चार-पाच सेकंदांचा तुकडा निवडा, त्याच्यासारखं जे जे असेल ते मी सगळीकडून वजा करतो. मी प्रत्येक कॅसेटमधला गाणं सुरू होण्याआधीचा तुकडा निवडला. दोन, सगळं ३२ केबीपीएसच्या मोनो एमपी३ मध्ये दाबलं. ९० मिनिटांची कॅसेट सीडीच्या मापात साडेनऊशे एमबी होते, यात ती २२ एमबीत बसली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळी मैफल पाठवता आली. सगळ्यांनी हात जोडलेल्या इमोजी पाठवल्या.

आणि मग कॅसेटी. मामा म्हणाला, 'आता ठेवायच्या कुठं या? उतरवून झालंय ना सगळं?' मी त्याच आठवड्यात मेयर-मोरन यांचा ॲबस्ट्रॅक्ट वाचला होता. पेपर नाही, ॲबस्ट्रॅक्ट. अनुभवी इंजिनिअरांना सीडी आणि त्याहून वरचं यात फरक कळत नाही, मग जुन्या कॅसेटवरच्या गाण्यात कुणाला काय कळणार आहे! मी मामाला हो म्हटलं. कॅसेटी भंगारात गेल्या.

चार-सहा महिन्यांनी मिरजेला आजोबांच्या एका स्नेह्यांना त्यातली एक बैठक ऐकवली. हयात तंबोरे करण्यात गेलेली. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. डोळे मिटून पाचेक मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, 'अगं, गाणं हाय की. पण तंबोरा कुठं गेला?'

मी म्हटलं, अण्णा, जुनी टेप आहे, लांबून भरलेली.

'तसं न्हवं. बुवा एकटंच गायल्यागत वाटतंय. मागं कोनच न्हाई.'

मला त्याच क्षणी कळलं. गाणं सुरू होण्याआधीचा तो तुकडा. बैठकीत गाणं सुरू होण्याआधी काय चालू असतं? तंबोरा. मी सॉफ्टवेअरला तंबोराच 'नॉइज' म्हणून दाखवला होता आणि त्यानं इमानेइतबारे सत्तावीसही कॅसेटींमधून तो वजा केला होता.

यात भौतिकशास्त्र किती आहे बघा. तंबोऱ्याची तार छेडली की एकच स्वर येत नाही, त्याच्या कितीतरी पटींचे ओव्हरटोन येतात आणि ते वेळेनुसार उमलत-विझत जातात. घोडी सपाट नसते, तिला बाक असतो, आणि तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी जमवावी लागते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमाराला यावरच लिहिलं होतं. एखादी तार जिथं छेडाल, तिथं ज्या ओव्हरटोनचा निस्पंद बिंदू येतो तो ओव्हरटोन ऐकू येता कामा नये, असा जुना नियम आहे. तंबोरा तो पाळत नाही. कारण ती घोडी. म्हणजे आपण ज्याला तंबोऱ्याचा 'भराव' म्हणतो तो सगळा वरच्या ओव्हरटोनमध्ये आहे, प्रत्येक ओव्हरटोन एकट्यानं अगदी बारीक, आणि सगळा ऐवज अखंड चालणारा. सतत चालणारं, बारीक, सगळीकडे पसरलेलं: नॉइज ओळखणाऱ्या अल्गोरिदमला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठं मिळणार?

जे थोडं उरलं होतं ते एमपी३ नं खाल्लं. एमपी३ चं तत्त्व असं आहे की मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, त्याला मास्किंग म्हणतात, तर मग तो साठवायचा कशाला? २५६ केबीपीएसला हे काम इतकं सफाईनं होतं की मी स्वतः एबीएक्समध्ये सपशेल नापास होते, करून पाहिलंय. पण ३२ ला त्याच्याकडे जागाच नसते. जे ऐकू येतं तेही टाकावं लागतं. गायकाचा आवाज मोठा, तो राहतो. मागचं पातळ होत जातं आणि पाण्याखालून आल्यासारखं गुडगुडतं.

आता माझी चूक पेपर वाचण्याच्या भाषेत मांडते. मेयर-मोरन यांचा प्रयोग होता वरच्या टोकाला: उत्तम आणि अतिउत्तम यांच्यातला. मी त्याचा निष्कर्ष लावला खालच्या टोकाला, जिथं त्यांनी एकही मोजमाप घेतलेलं नाही. दर्जा आणि आस्वाद यांचा आलेख काढला तर तो सरळ रेषा नसणार हे उघड आहे. वर तो सपाट आहे, बहुधा जवळजवळ पूर्ण सपाट. म्हणून खालीही सपाटच आहे असं धरणं, याला एक्स्ट्रापोलेशन म्हणतात, आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये त्यासाठी गुण कापतात. माझे गुण मामाच्या घराबाहेर एका हातगाडीवर कापले गेले.

यावर नेहमीचं प्रत्युत्तर तयार असतं, आणि ते कमकुवत नाही. कुणीतरी म्हणेलच, अहो, ७८ च्या तबकड्या काय दर्जाच्या होत्या? गायस्बर्ग यांनी १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं भरून घेतलं ते कर्ण्यापुढे, मायक्रोफोनशिवाय. १९२५ च्या आधीच्या त्या पद्धतीत काही हजार हर्ट्झच्या वरचं जवळपास काही उतरत नसे आणि खालचंही गळायचं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तरी लोक रडले, हसले, पागल झाले. भीमसेन जोशींची गोष्ट तर घराघरात माहीत आहे: गदगला लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी ऐकली आणि पोरगं गुरू शोधायला घरातून पळालं. मग कुठे गेला तुमचा दर्जा?

याचं अर्धं उत्तर पुन्हा कानाच्या रचनेत आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा असतो. साध्या टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचं काही जात नसे, तरी वडिलांचा आवाज फोनवर बाईसारखा वाटला असं कधी झालं का? मेंदू वरच्या ओव्हरटोनमधलं अंतर बघून मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. सूर, लय, शब्द, मींड, हरकत, हे सगळं मधल्या अरुंद पट्ट्यात तगतं. जुन्या तबकडीनं वरचं आणि खालचं कापलं, पण जे राखलं ते इमानानं राखलं. माझ्या एमपी३ नं सगळ्या पट्ट्यातून निवडून निवडून काढलं. 'दर्जा कमी' या एका शब्दाखाली या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आपण कोंबतो, आणि मग वाद घालत बसतो.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे भीमसेनजींची गोष्ट पुरावा म्हणून वापरताना जरा जपून. एक तर ती ज्यांनी तीच तबकडी ऐकली आणि मुकाट घरी जाऊन जेवले त्यांची मोजदाद करत नाही. दुसरं, नीट पाहिलं तर ती गोष्ट 'तबकडी पुरली' असं सांगतच नाही. तबकडी पुरली असती तर तो मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच दुकानापुढे परत जाऊन उभा राहिला असता. तो गावोगाव भटकला आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांपाशी, म्हणजे खाँसाहेबांच्या शिष्यापाशी, जाऊन बसला. समोर बसून, तंबोऱ्याच्या शेजारी.

आवडीनिवडीवरचं संशोधन आहे का? आहे, पण तिथंही सांभाळून. तुम्ही कुठंतरी वाचलं असेल की 'तरुण पिढीला एमपी३ चाच आवाज आवडतो'. त्याचं मूळ स्टॅनफर्डचे जोनाथन बर्गर आपल्या विद्यार्थ्यांवर करत असलेल्या एका अनौपचारिक पाहणीत आहे, आणि २००९ साली ती बातम्यांतून पसरली. त्यानंतर हरमन कंपनीतले संशोधक शॉन ऑलिव्ह यांनी शाळा-कॉलेजच्या मुलांना आंधळ्या चाचणीत १२८ केबीपीएसचं एमपी३ आणि सीडी ऐकवली, तर साधारण दोन तृतीयांश वेळा मुलांनी सीडी निवडली. दुसरा प्रयोग जास्त काटेकोर आहे, म्हणून माझं वजन त्याच्या पारड्यात. तरी ध्यानात ठेवा की हरमन स्पीकर विकते, आणि 'कोणतं जास्त आवडलं' हा प्रश्नही शेजारी शेजारी ठेवून विचारलेला आहे. घरी कुणी शेजारी शेजारी ठेवून ऐकत नाही. अण्णांपुढे माझ्या एमपी३ शेजारी मूळ कॅसेट नव्हती. त्यांनी तुलना केली ती साठ वर्षं कानात असलेल्या तंबोऱ्याशी. अशा तुलनेचा प्रयोग कसा रचायचा, यावर मी अजून डोकं खाजवते आहे. तुमच्यापैकी कुणाला पीएचडीला विषय हवा असेल तर हा खुशाल घ्या, माझी हरकत नाही.

ज्युनियरनं तिचं वाक्य बदललं. आता ते असं आहे: 'सीडीच्या मापापेक्षा जास्त तपशील ऐकणाऱ्यांना ओळखता आल्याचे मेयर व मोरन यांना आढळले नाही, आस्वादाची तपासणी या प्रयोगात नव्हती.' तिच्या गाइडना ते लांबलचक वाटतं म्हणे. वाटू दे.

आणि मागच्या दिवाळीत आतेच्या घरी, कोल्हापुरात, माळ्यावरच्या एका बंद पडलेल्या टू-इन-वनमध्ये आजोबांची एक कॅसेट सापडली. अठ्ठाविसावी. टू-इन-वन बंद पडला तेव्हा ती आतच अडकून राहिली होती. या वेळी काहीही न काढता, न दाबता उतरवून घेतली. आवाज भयंकर आहे. खरखर आहे, मध्येच कुणीतरी खोकतंय, एक रिक्षा जाते, आणि दुसऱ्या बाजूला टेप जरा चुरगळलीय. मिरजेला जाऊन अण्णांना ऐकवली, तीही फोनच्या स्पीकरवर, कारण मी हेडफोन घरी विसरले होते. त्यांनी फोन कानापाशी धरला. गाणं अजून सुरू व्हायचं होतं.

'पंचम जरा उतरलाय,' ते म्हणाले. 'कुनीतरी बघायला पायजे हुतं.'